पेवातली ज्वारी जिवंत होती

आबा, आज दहावीला पुन्हा श्वसनाचा धडा शिकवला. पेशीत साखर आणि ऑक्सिजन येतात, साखरेचं विघटन होतं, ऊर्जा सुटते, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उरतो. इतक्या वर्षांत हे फळ्यावर लिहिताना हात अडखळेनासा झाला आहे. पण आज एका मुलीनं विचारलं, "मॅडम, कोठीतले दाणे बी श्वास घेतात काय?" घेतात, म्हटलं, आणि खडू ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहिले. पोरांना वाटलं, मॅडमला ऊन लागलं.

वडनेरच्या आपल्या घरामागचं ते पेव, जमिनीत खोल खणलेलं, तळाला कडबा अंथरलेलं. त्या वर्षीची ज्वारी पुरती वाळली नव्हती, तरी तुम्ही भरलीत. ओलसर दाणा जास्त श्वास घेतो, हे तुम्हाला कोण सांगणार! बंद झाकणाखाली तो महिनोन्‌महिने आतली हवा संपवत राहिला. पेव उघडलं की तोंड दिवसभर उघडं टाकायचं, मगच कंदील सोडून बघायचं, तो तेवत राहिला तरच उतरायचं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलेलं. पण त्या सकाळी घरातलं पीठ संपलं होतं आणि आई म्हणाली, "पाहुणे येऊन राह्यले, आताच काढून द्या ना." तुम्ही झाकण सरकवलं, कंदील सोडला, तो विझला. "वारा लागला असन," तुम्ही म्हणालात, "आपलीच ज्वारी हाय, आपल्याले काय करन?" आणि उतरलात. किती हट्टी होता हो तुम्ही! मी टोपलं घेऊन काठावर उभी आहे. खालून तुमची धाप ऐकू येते, मग तीही येत नाही.

आई आता फार थकली आहे. जेवता जेवता मध्येच विचारते, "त्याईले लय तरास झाला असन काय वं? म्याच घाई केली." मी सांगते, झोप लागल्यासारखं झालं असेल. तसं नसतं, आबा. ऑक्सिजन संपला की पेशी साखर अर्धवट तोडून थोडा वेळ तग धरतात, पण मेंदूचं तेवढ्यावर भागत नाही. आणि कार्बन डायऑक्साइड भरलेल्या जागी छाती हवेसाठी फुटायला येते. मला याचा राग येतो, तुमचाही येतो.

हे पत्र लिहून झालं की चुलीत घालणार आहे. तुम्ही खालून ओरडला होता, "खाली नको येऊ पोरी." म्हणजे तुम्हाला सगळं कळत होतं. आईला मी ते अजून सांगितलेलं नाही.