त्यांच्या वाटणीची गोळी

जयसिंगपूर,
२२ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
धाकट्या सोमशेखरचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोनवर माझ्या आवाजाचा नुसता वारा ऐकू येतो म्हणालीस, म्हणून पत्र. ऑपरेशनात आवाज गेला तो गेलाच, हात मात्र शाबूत हाय. सोमवारी डॉक्टरांकडं गेलतो. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाल्याला दोन वर्षं झाली, आता काही शिल्लक दिसत न्हाय म्हणाले.

रेडिएशनचा शेक घ्यायच्या दिवसांत दवाखान्यातल्या बाकावर आम्ही नऊजण रोज शेजारी बसायचो, सगळे तंबाखूवाले. त्यातले आठ गेले. सोमवारी डॉक्टरांनी माझी सगळी औषधं विचारून घेतली. हृदयासाठी रक्त पातळ करायची ती बारकी अ‍ॅस्पिरिनची गोळी चौदा वर्षं घेतोय म्हटल्यावर लिहायचे थांबले. ती बरीच वर्षं घेणारे या आजारात जास्त जगल्याचं काही अभ्यासांत दिसलंय म्हणाले, पण पक्कं काही न्हाय, गावभर सांगत सुटू नका.

आता खरी बातमी. त्या आठांतले कबनूरचे हंबीरराव, त्यांचं वर्षश्राद्ध झालं. दोन तास कावळा शिवेना. हात जोडले, शब्द दिले, काही उपयोग न्हाय. शेवटी त्यांच्या मालकीण धोंडुबाई ते नैवेद्याचं पान डब्यात घालून रिक्षानं माझ्या दारात. म्हणाल्या, शेवटी पाण्याचा थेंब त्यांच्या घशाखाली गेला न्हाय, पावणं, तुमचा घास उतरतोय, तुम्हीच खावा. आपल्या लिंगायतांत कुठला कावळा नि कुठलं पान! म्हटलं, बाईचं समाधान होतंय तर एका जेवणानं काय बिघडतंय.

अक्का, मला गुरगुट्या भातसुद्धा पाण्याबरोबर ढकलावा लागतो. ती वाळकी भाकरी नि मिरचीचा खर्डा लोण्यासारखा उतरला. वर खाताना मी बोललो म्हणे, चांगला खणखणीत. सूनबाई, आपली सुष्मिता, आतून बघायला आली की कोण पाहुणे आलेत.

लोभ वाढवायला तुझ्याकडं जागा उरली नसेल, तेव्हा आहे तेवढा सांभाळ.

तुझा,
सोमू


गगनबावडा,
२९ ऑगस्ट २०२५

चि. सोमूस,
अनेक आशीर्वाद. तब्येत उत्तम ऐकून जीव भांड्यात पडला, आणि पुढचं वाचून कपाळाला हात लावला.

अरे शहाण्या, आपण आपल्या माणसाला बसवून माती देतो, हातात लिंग देतो आणि शिवाच्या स्वाधीन करतो. तो पोचला. त्याची भूक उरतेच कुठं? तू हे मानत नसशील तर खाल्लंस कशाला, आणि खाल्लंस म्हणजे मानलंस की! लहानपणीही न बोलावता शेजारच्या पंगतीला जाऊन बसायचास. बासष्ट वर्षांत तेवढी अक्कल यायला हवी होती.

ह्यांच्या माघारी सहा वर्षं मी इथं एकटी राहते. पावसाळ्यात चार-चार दिवस दार उघडत नाही. मला कधी कुणाचा आवाज आला नाही. त्या बाईंचं दुःख खरं, पण ते तुझ्या पोटात घालून घेऊ नकोस.

रागावले तरी माया तीच आहे. उलट टपाली कळव.

तुझी,
अक्का


जयसिंगपूर,
१९ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र उशीखाली हाय, तरी ऐकलं न्हाय. पितृपक्षात सहा घरची पानं आली. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. दारात आलेल्या बाईला परत कसं पाठवू? मी जिवंत हाय हाच माझा गुन्हा झाल्यागत त्या बघतात.

अमरसिंह म्हणून एक होता, माझ्या डाव्या बाजूला बसायचा. त्याची बायको वर्षाराणी आली. पहिला घास घेऊन मी म्हणालो की आजपण मीठ विसरलीस, राणी. ती रडत सांगायला लागली. त्याचंच बोलणं हे, रोजचं. अक्का, बाकावर आम्ही जेवणाचा विषय कधी काढलाच न्हाय. तोंड माझं, पण बोलणारा मी नव्हतो. एरवी डाळीचं पाणी अडकतंय नि यांची पानं चाटूनपुसून साफ होतायत. जेवण झालं की ते आणखी एक मागतात. काय ते तुला लिहीत न्हाय.

दुसरं म्हणजे, आठवडाभर शौचाला काळं होतंय. रक्त सातवर आलंय. गोळीनं पोटात जखम केली, आजपासून ती बंद, असं डॉक्टर म्हणतात, हृदयाचे डॉक्टरही तेच. बंद कशी करू? आठजणांनी घेतली न्हाय, आठ गेले. मी घेतली, मी हाय. मला जगायचंय अक्का, लाज वाटते पण जगायचंय. तूच सांग काय करू.

तुझ्या उत्तराच्या वाटेवर डोळे लावून,
सोमू


गगनबावडा,
२३ सप्टेंबर २०२५

चि. सोमूस,
आशीर्वाद.

गोळी बंद. आज, आत्ता. डॉक्टरांनी काही अभ्यासांत दिसलंय एवढंच सांगितलं होतं, तू त्याचा ताईत करून गळ्यात बांधलास. त्या आठांचे आजार किती पुढं गेले होते, तुला काय ठाऊक? हिशेब लावायला तू डॉक्टर नाहीस, भांड्यांचा दुकानदार आहेस.

आणि ती पानंही बंद. दारातून परत पाठव, माझं नाव सांग, म्हणावं बहीण खाष्ट आहे. मेलेल्यांना काय हवं ते त्यांनी देवाकडं मागावं, माझ्या भावाकडं नाही. आप्पा-अव्वा गेले, हे गेले. मला तू एकटा राहिलास रे. तुझ्यानंतर कुणाला पत्र लिहू?

आशीर्वाद आहेतच, पण या खेपेला ते हुकूम समजून घे.

अक्का


जयसिंगपूर,
३ ऑक्टोबर २०२५

ती. आत्याबाईंना,
सुष्मिताचा साष्टांग नमस्कार.

तुमचा फोन लागत नाही म्हणून लिहिते. घाबरू नका, पण मिळेल त्या गाडीनं या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मामंजींना रक्ताची उलटी झाली. कोल्हापूरला दवाखान्यात हलवलंय. चार बाटल्या रक्त दिलं, आता थांबलंय.

त्यांची गादी झटकताना मला गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली, ओंजळभर. मामंजींसमोर ठेवली तर पाटीवर लिहून दाखवलं की बाकावरच्या त्या आठांना ही गोळी कुणीच दिली नव्हती. प्रत्येक पान जेवून झालं की त्या माणसाच्या नावानं एक गोळी घ्यायचे. मग पान नसलं तरी घ्यायला लागले. स्वतःची एक आणि त्या आठांच्या आठ, दिवसाला नऊ. ते मागतात, नाही कसं म्हणू, असंही लिहिलं. आत्या, मला रडू आवरेना. त्या सगळ्या पानांना मीच पाट मांडत होते.

यापुढं एक गोळीसुद्धा पोटात जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलंय. जखम कच्ची आहे, पुन्हा रक्त सुटलं तर वाचवता येणार नाही म्हणाले. त्यांच्याजवळ सतत कुणीतरी हवं. तुमच्याइतका धाक दुसऱ्या कुणाचा नाही.

वाट बघते.
तुमची,
सुष्मिता


गगनबावडा,
३० ऑक्टोबर २०२५

चि. सोमूस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. तू घरी आलास, हिंडूफिरू लागलास, गोळीचं नाव काढत नाहीस, असं सुष्मिता कळवते. माझा धाक उपयोगी पडला म्हणते. पोरीला काय माहीत.

मी दवाखान्यात आले त्याचा चौथा दिवस तुला आठवतो का? सुष्मिता औषधं आणायला खाली गेली होती. मी दहीभात कालवून तुला भरवत होते. तू तिसरा घास गिळलास आणि मला दानव्वा म्हणालास. आप्पा-अव्वांनीसुद्धा मला कधी तसं म्हटलं नाही. त्या नावानं हाक मारणारं एकच माणूस होतं. घोगरा आवाज, वाक्य संपताना जरा खोकला, तेच सगळं. मला विचारलं की दानव्वा, गोळी मिळाली का.

तुला मी हे कधी सांगितलं नाही, कुणालाच नाही. ह्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी फोनवरून सांगितलं की रक्त पातळ करायची गोळी ताबडतोब चावायला द्या. घरात नव्हती. तुझ्या दाजींना तसं बसवून, आत्ता आणते म्हणून मी पावसात धावले. दुकानाचं शटर खाली. हात सोलेपर्यंत बडवलं. परत आले तर हे दाराकडं बघत बसले होते, तसेच गेले होते. सहा वर्षं ह्यांनी वाट बघितली रे, सोमू. मी म्हणत होते की ते पोचले. कुठले पोचतात?

तुला इतकं बोलले, ते सगळं परत घेते. मंगळवारच्या एसटीनं येते. ह्यांच्या आवडीची कडबोळी करून आणते, मऊ करून देईन. तू फक्त जेव. मला काही मागायचं नाही, उत्तर तेवढं द्यायचं आहे.

गोळी मी एकच आणीन. एका गोळीनं तुला काय होणार आहे? सुष्मिताला दुपारी दुकानावर पाठव.

हे पत्र वाचून फाडून टाक. माझ्यावरची माया मात्र कमी करू नकोस.

तुझीच,
अक्का