तुळजाबाईंच्या नावाची गोगलगाय

खाली सही करणार मी, धर्मराज कडूबा पुंगळे, वय ६१, प्राणिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार जालना, मूळ गाव हसनाबाद. हृदय दगा देऊ लागले असले तरी बुद्धी शाबूत आहे. कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने हे मृत्युपत्र करून ठेवतो.

१. जालन्यातील राहते घर व बँकेतील ठेव पत्नी उषा हिची. माझ्या खोलीत शिंकायचीही तिला चोरी होती. शिंक आली की टेबलावर मांडलेले बारीक शंख उडत. आता तिने तिथे खुशाल पंखा लावावा.

२. हसनाबादच्या शेतातील माझा हिस्सा धाकटा भाऊ मच्छिंद्र यास. अट एकच. गावाच्या कमानीवर त्याने हौसेने लावलेली ‘समुद्री गोगलगायीच्या नव्या प्रजातीचे शोधक’ ही माझ्या नावाची पाटी त्याने स्वतः काढावी. मोहरीएवढी ती गोगलगाय मी १९८६ साली रत्नागिरीच्या वाळूतून वेचली आणि तिला आईचे, तुळजाबाईचे, नाव दिले. ते नाव आता रद्द झाले आहे. त्या पाटीखालून जाववत नाही म्हणून मी दिवाळीलाही गावी जाणे सोडले.

३. सूक्ष्मदर्शक व सगळा संग्रह माझी विद्यार्थिनी डॉ. विमल राजूरकर हिला. कवच सारखे दिसले की मी त्या गोगलगायी एका कुळात घालीत गेलो. विमलने कवचाच्या आतला जीव पाहिला, त्याच्या जिभेवरचे दात तपासले. निरनिराळ्या कुळांतली लेकरे मी एकाच पंगतीला बसवली होती. आईच्या नावाची तर आधीच ठाऊक असलेल्या एका मोठ्या गोगलगायीचे पिल्लू निघाली.

हे छापण्याआधी विमल घरी आली. म्हणाली, “सर, आपण दोघांच्या नावानं छापू. संग्रह तर तुमचाच आहे.” मला तिच्याकडे बघवेना. तिचा चहा व्हायच्या आत मी चपला घालून बाहेर पडलो. विमल, संग्रहाच्या डब्यांवरच्या माझ्या नावांच्या चिठ्ठ्या फाडू नकोस. खाली त्या राहू देत, वर तुझ्या लाव.

४. आईचा सांभाळ मच्छिंद्रने करावा. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी आपणच सांगावे म्हणून गेल्या महिन्यात गावी गेलो. आई शेंगा फोडत बसली होती. तिच्या नावाची गोगलगाय आता तिची राहिली नाही, हे मी मान खाली घालूनच सांगितले.

“मंग ती आधी कोणाची व्हती?”

“दुसऱ्याच्या नावाची होती, आई.”

“मंग ज्याचं त्याला देऊन टाक, धर्मा. त्याच्यापायी एवढा वाळून गेला व्हय?”

जालन्याला परत आल्यावर हा कागद लिहायला घेतला.

ठिकाण : जालना
दिनांक : १४ मार्च २००१

सही : धर्मराज कडूबा पुंगळे

आमच्यासमक्ष वाचून सही केली :
१. रामराव तळेकर, शेजारी
२. भुजंग मिसाळ, निवृत्त प्रयोगशाळा सहायक