विळा खाली ठेवला

शिरपूर, मंगळवार संध्याकाळ

धुळ्याच्या प्रशिक्षणात आम्हा पोलिसांना मानसिक त्रासातल्या माणसासाठी 'आवाज खाली, काठी लांब' शिकवलं, तेव्हा मी मनात हसले होते. आज बसस्थानकात एक आबा विळा घेऊन भिंतीला चिकटून उभे होते. सोबतच्या हवालदारांनी काठी उचलली. मी त्यांना थांबवलं, गर्दी हटवली आणि अंतर ठेवून जमिनीवर बसले. नजर मात्र विळ्यावरच.

"त्या माले मारतीन," आबा हवालदारांकडे बघत म्हणाले.

"कोणी मारनार नई, आबा. मी आठेच शे." मी इथेच आहे, हे मी त्यांच्याच अहिराणीत सांगितलं.

अर्धा तास हेच. चुकतेय का मी? शेवटी त्यांनी विळा खाली ठेवला, पाणी मागितलं.

तेवढ्यात आबांची मुलगी धावत आली. "मारलं का ओ त्यांना?"

"नाही." हे म्हणताना केवढं हायसं वाटलं. दवाखान्यात जायला दोघंही आपणहून आमच्या गाडीत बसली.