परवा म्हणजे कोणता

९ फेब्रु., सोम.
नागपुरात, मिहानच्या ऑफिसात असताना सदर भागातल्या रक्तकेंद्रातून डॉ. मॅडमचा फोन. "तुमची यादी चुकली. लगेच या."
थॅलेसेमियाची मुलं, दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं. केंद्रातून फोन गेला की आईबाप घेऊन निघतात. भिवापूरची रिया, नऊ वर्षांची, तिची रक्ताची तारीख मागच्या सोमवारी होती. फोन गेलाच नाही. आज आणली. ओठ पांढरे, दम लागलेला, ऑक्सिजन लावलाय.
३१ जाने.च्या शनिवारी छापलेली यादी पाहिली. रियासमोर 'रक्त: परवा'. बदलीच्या सिस्टरला वाटलं, परवा दिलं. होतं ते परवा द्यायचं.
शब्द माझा. यादी काढणारा प्रोग्राम जगभरच्या लोकांनी मिळून केलेला, कुणीही घ्यावा, दाम नाही. मराठी मी केलं, हौसेनं. इंग्रजीत दोन वेगळे शब्द होते, मी दोन्हीकडे परवा ठोकलं. आपण म्हणतो तसंच की.


१० फेब्रु., मंगळ.
रजा टाकली. प्रोग्राममधून 'परवा' काढून सगळीकडे तारीख घातली. दहा मिनिटं लागली, फक्त.
केंद्रातल्या नेहमीच्या शेंडे सिस्टर सुटीवरून परतल्या. त्यांना हा घोळ महिन्यापासून ठाऊक. दर शनिवारी यादीवर पेन्सिलनं 'मागचा', 'पुढचा' लिहायच्या. मी भडकलो.
"मले काहून नाही सांगितलं?"
"तुम्ही पैसे घेत नाही सर. फुकटात करून राहिले, तं तुम्हाले सारखं सारखं कसं म्हणावं?"
बाहेर बाकावर रियाचे बाबा. तेही आठवडाभर फोनची वाट पाहत राहिले. "रक्त फुकट भेटते साहेब. कोणत्या तोंडानं विचारावं?"


११ फेब्रु., बुध.
रिया उठून बसली. हृदयावर ताण आलाय, किती ते सोमवारच्या तपासणीत कळेल.
मॅडमनी प्रोग्राम सांभाळायचा करार पुढे सरकवला. वर्षाची फी. मी दोनदा परत केलेला तोच.
"मॅडम, फुकट वस्तूचे पैसे कशाचे?"
"वस्तूचे नाहीत. शेंडेला तुमच्यावर ओरडता यावं, त्याचे."
कागद घेऊन आलो. सही नाही केली.

१३ फेब्रु., शुक्र.
इथं तरी खरं लिहावं. सेवा सेवा म्हणत मिरवलो, पण पैसे घेतले नाहीत की फोन नाही उचलला तरी चालतं, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. उंटावरून शेळ्या हाकत होतो. लाज वाटते. आणि सहीची भीतीही वाटते, ती वेगळी.
आत्ता शेंडे सिस्टरचा फोन. "सर, एक विचारू का?"
"विचारा."
मागे कुणीतरी घाईनं बोलत होतं. "नाही, राहू द्या. तुम्ही कामात असाल." सिस्टरनी फोन ठेवला.
लगेच उलट लावला. तिसऱ्यांदा लावतोय. उचलत नाहीत.