खाकरण्याची सवय

शुक्रवार, १२ ऑक्टोबर १९७३, इंग्लंड



इथं येऊन महिना होत आला. माझे गाइड पहिल्याच दिवशी म्हणाले, "सर नको, मला पीटर म्हण." बाबांच्या वयाचा माणूस. नागपुरात सरांसमोर मी कधी खुर्चीवर बसलो नाही, आणि यांचं नाव कसं घेऊ? मग आई बाबांना बोलावते तसंच सुरू केलं. नाव घ्यायचं नाही, जवळ जाऊन खाकरायचं. ते वळून बघायचे. काम चालून जायचं.

आज प्रयोगशाळेत ते मान वळवून एका मुलीशी बोलत होते आणि त्यांची बाही बर्नरच्या ज्योतीकडे सरकत होती. मला दिसत होतं. हाक मारायची होती. मी खाकरलो. दोनदा. त्यांना सर्दी वाटली असेल.

बाही पेटली तेव्हा ती मुलगी ओरडली, "पीटर!" मनगटावर निभावलं. नंतर ते मला एवढंच म्हणाले, "तू तर शेजारीच उभा होतास."

काहून नाही निघालं तोंडातून? सोमवारी ॲसिडचं काम आहे, आम्ही दोघंच.

आत्ता खोलीचं दार लावून भिंतीकडे बघत नाव घ्यायला गेलो. आधी खाकरलोच.