कोणी पालथं झोपवून पाहिलंच नाही

मंगळवार, संध्याकाळ

आज कट्टा गावच्या बाजारात डॉक्टर भेटले. सुमनला सात महिने सायटिका म्हणून गोळ्या देणारे तेच. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मिसेसचं कळलं. असली गाठ लाखात एखाद्याला होते हो. कोणालाच सापडली नसती." मी "हो" म्हटलं. का म्हटलं?

सापडली नसती? कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला पालथं झोपवलं, कुल्ल्यावर अंगठ्याने दाबलं आणि ती किंचाळली. एक मिनिट लागलं. पायाच्या नसेला चिकटून मांसात वाढलेली गाठ. तुकडा तपासला तर कर्करोग, आणि तोवर तो फुप्फुसात पोचलेला. यांनी मणक्याचा एमआरआय काढला, कमरेला पट्टा दिला. हात मात्र लावला नाही. आज माझ्या खांद्यावर ठेवायला बरा हात होता! एक मिनिट. सात महिन्यांत एक मिनिट मिळालं नाही?

घरी ती रोज कुल्ल्याला हात लावून सांगायची, "अवो, खाली बसलंय काय हंयसर गोळो लागता." नारळ खवायला बसली की एका अंगावर कलून बसायची. मी म्हणायचो, "डॉक्टरांका कळता सगळा. गोळ्ये घे."

उद्या दवाखान्यात जाऊन सगळं त्यांच्या तोंडावर बोलणार आहे. पण तेही काहीतरी बोलतील. पहिल्या दिवशी त्यांनी तिला विचारलं होतं, "नेमकं कुठे दुखतं?" ती लाजून माझ्याकडे बघत राहिली. परक्या पुरुषासमोर कुल्ला कसा म्हणायचा, म्हणून मीच उत्तर दिलं, "कमरेत."