काळे की पांढरे: गेमच्या एका दुकानाची निरवानिरव

मी, या कागदाच्या अखेरीस जिची सही आहे ती, साठी केव्हाच ओलांडलेली, टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका भल्या माणसाची विधवा, दोन मुलांची आई आणि व्हिडिओ गेमच्या दुकानाची मालकीण, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या खुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. लाडीगोडी मात्र भरपूर झाली. मुलाने चष्म्याला नव्या काचा बसवून आणल्या, मुलीने गुडघा शेकायची पिशवी आणली. दोन्ही वस्तू मी ठेवून घेतल्या आणि मत जिथे होते तिथेच ठेवले.

माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला वार आणि तारीख विचारली. मी ती सांगितली, आणि त्यांचा मुलगा गेमच्या ज्या पातळीवर अडकून पडला आहे ती कशी पार करायची हेही सांगितले. दाखला लगेच मिळाला.

मसुदा तपासणारी वकीलबाई माझी शाळासोबतीण. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही एका बाकावर बसत होतो. तिने पहिला मसुदा वाचला आणि निम्मा खोडला. म्हणाली, "अगं, हे मृत्युपत्र आहे, आत्मचरित्र नाही." मी म्हटले, "कायदा तुझा, आयुष्य माझं. तू कलमं सांभाळ, मधलं मी बघते." तिने डोक्याला हात लावला. पण खोडलेले पुन्हा लिहू दिले, म्हणून या मृत्युपत्राची व्यवस्थापक मी तिलाच नेमते.

कलम पहिले: घर. दुकानाच्या वरचे राहते घर मुलगा आणि मुलगी यांना समान हिश्श्याने मिळावे. मुलगा, सूनबाई माझ्याबरोबर इथेच राहतात. मुलीचे सासर दोन गल्ल्या पलीकडे आहे, तरीही खिडकीकडची खोली तिची आहे आणि तिचीच राहावी. तिथे कोणी वाळवणाच्या दोऱ्या बांधू नयेत. बँकेत जे काही शिल्लक असेल त्याचीही तशीच समान वाटणी व्हावी. त्यात भांडण्यासारखे काही नाही.

कलम दुसरे: राखाडी यंत्र. हे एक यंत्र दुरुस्तीला आले आणि त्याचा मालक परत आलाच नाही. तेव्हा मुलगी पोटात होती आणि मला पलंगावरून हलायची बंदी होती. यांनी ते दुरुस्त करून पलंगाशेजारच्या टीव्हीला जोडले आणि म्हणाले, "चालतं का बघ जरा." मी अजून बघतेच आहे.

कॅसेट लागली नाही की मी ती काढून तिच्यावर फुंकर मारत असे. हे ओरडत, "अगं, फुंकरीतल्या ओलाव्याने आतल्या पट्ट्या गंजतात!" मग मी पाठमोरी होऊन फुंकर मारी. ते न बघितल्यासारखे करत. ज्या कंपनीने ते यंत्र बनवले तिने यंत्रे करणे केव्हाच सोडून दिले. दुकानातली मंडळी मला चिडवतात, "काकू, तुमचा पक्षच उरला नाही!" नसेना का. माझे जडले ते जडले. एखाद्यावर जीव लावायला तो अजून बाजारात असायला हवा असे थोडेच आहे?

राखाडी यंत्र मुलीला द्यावे. पोटात असल्यापासून ती त्याचे सूर ऐकत आली आहे. रडायची तेव्हा मी ते सुरू करून देत असे. यांची हत्यारांची पेटी, तारांना डाग द्यायच्या सोल्डरिंग आयर्नसकट, मुलाला द्यावी. त्याचा हात अगदी यांच्यासारखा आहे, फक्त काम झाल्यावर झाकण लावायचे राहते.

कलम तिसरे: दुकान. इथे वकीलबाईने समासात "थोडक्यात" असे लिहिले आहे. बघते.

आमच्या दुकानात पुढे काउंटर आणि मागे खेळायची खोली आहे. खोलीत दोन पक्ष आहेत. एक काळ्या यंत्राचा, त्याचा पुढारी माझा मुलगा. दुसरा पांढऱ्याचा, त्याची पुढारी माझी मुलगी. बेकरीवाला काळ्यांचा, दंतवैद्य पांढऱ्यांचे. बाकीची गिऱ्हाईके येताना चपला सुद्धा आपापल्या पक्षाच्या बाजूला काढतात. ही भांडणे मला संगीतासारखी वाटत आली आहेत.

यंदा दोन्ही कंपन्यांनी नवी यंत्रे जाहीर केली आणि संगीताचा सूर बदलला. काळे यंत्र आकाराने वाढले. पांढऱ्यातून डिस्क घालायची फटच गेली. खेळ विकत घ्यायचा तो इंटरनेटवरून.

"फट नाही म्हणजे भाड्याने काय देणार, ताई? हवा?" बेकरीवाला मुलीला म्हणाला.

"तुमचं नवं यंत्र पाहिलंत का? पावाची भट्टी आहे ती. पंखा लागला की रुग्णांना वाटेल मी ड्रिल सुरू केलं," दंतवैद्य म्हणाले.

मुलाने मला मध्ये ओढले. "आई, तुझ्याच मृत्युपत्राचं उदाहरण घे. आमच्या पक्षाच्या डिस्का तू कपाटासकट लिहून देशील. हिच्या खेळांचं काय लिहिशील? पासवर्ड?"

"जगात सगळे तुझ्यासारखे मरायची तयारी करून खेळत नाहीत, दादा," मुलगी म्हणाली.

इथपर्यंत ठीक होते. मग वितरक आला. गोड माणूस, पण त्याच्या बोलण्यात विळी होती. म्हणाला की यापुढे एका दुकानात एकाच कंपनीचा माल. पाटी, कपाटे, रंगकाम सगळे कंपनी करून देईल, फक्त काळे की पांढरे ते आम्ही ठरवायचे. मालक म्हणून सही माझी. नमुन्याची दोन्ही नवी यंत्रे तो आमच्याकडे ठेवून गेला.

त्या दिवसापासून माझी मुले एकमेकांशी भांडेनाशी झाली. ज्यांनी भावंडे वाढवली आहेत त्यांना यातली भीती कळेल. मुलगा म्हणाला, पांढऱ्या पाटीखाली मी उभा राहणार नाही. मुलगी समोरच्या रिकाम्या गाळ्याचे भाडे विचारून आली. गिऱ्हाईके दबक्या आवाजात विचारू लागली, कोण जाणार? मागच्या खोलीत पहिल्यांदाच यंत्राच्या पंख्याचा आवाज ऐकू आला. माझ्या एका सहीने अर्धे दुकान आणि एक मूल रस्त्याच्या पलीकडे जाणार होते.

सूनबाईने मार्ग काढला. सूनबाई फिजिओथेरपिस्ट आहे, आणि खेळते ती फोनवर. आमच्याकडे याला व्यसन म्हणत नाहीत, अपंगत्व म्हणतात. लग्न ठरले तेव्हा नणंदेने विचारले होते, "दादा, तुला माहीत होतं ना?"

तिने शनिवारी दुपारी मागच्या खोलीत दोन सारखे टीव्ही मांडले आणि मध्ये पडदा लावला. पडद्यामागे नवी यंत्रे, कोणते कुठल्या टीव्हीला ते सांगायचे नाही, फक्त चित्र बघून ठरवायचे. ज्याचे सरस त्याची पाटी. दोन्ही पक्षांना हे पटले, कारण दोन्ही पक्षांना निकाल माहीत होता. खेळ मोटारींच्या शर्यतीचा, पावसातला. पडद्याआड सूनबाई खेळत होती, मी पुढे पंच.

"डावीकडे पाण्यात दिव्याचं प्रतिबिंब बघा," दंतवैद्य खुर्चीतून उठले. "पांढऱ्याशिवाय हे होणे नाही."

"प्रतिबिंब काय घेऊन बसलात डॉक्टर, उजवीकडची गाडी वळताना बघा. लोण्यातून सुरी!" बेकरीवाला म्हणाला.

"उजवं काळं. डोळे मिटून सांगतो," मुलगा म्हणाला.

"तू नेहमी डोळे मिटूनच सांगतोस," मुलगी म्हणाली. "डावीकडच्या सावल्या बघ. मऊ. तुमच्याकडे सावली म्हणजे डांबर."

दोन्ही बाजूंची डोकी पटापट मोजली जात होती. एवढ्यात दोन्ही टीव्हींवर, एकाच क्षणी, मोटारी थांबल्या आणि मोठ्या अक्षरांत आले: "इस्त्रीवाला". खाली एक हिरवे वर्तुळ, एक लाल.

पडद्यामागून सूनबाईचा आवाज आला, "हो भाऊ, सहा शर्ट आहेत, संध्याकाळी घेऊन जा."

मी पडदा बाजूला केला. एकाच वायरीला फाटे फुटून ते दोन्ही टीव्हींना गेलेले, आणि त्या वायरीच्या टोकाला सूनबाईचा फोन. नवी यंत्रे खोक्यातून बाहेरच निघाली नव्हती.

मी एवढी हसले की पाणी प्यावे लागले. मला वाटले, आता सगळ्यांच्या लक्षात येईल. बेकरीवाला म्हणाला, "तरीपण उजवीकडचं चांगलंच होतं." दंतवैद्य म्हणाले, "वायर त्यांच्या कंपनीची असणार." म्हणजे डोळे उघडले नाहीत ते नाहीतच.

तेव्हा मी दुसरा उपाय केला. या मृत्युपत्राच्या आधीचे एक मृत्युपत्र लिहिले आणि त्यात संपूर्ण दुकान सूनबाईच्या नावे केले. तिला विचारले होते. ती म्हणाली, "मला नको आहे, आई. पण तुम्ही लिहा. बघू तर खरं." मसुदा जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीखाली ठेवला.

मुलाने तो वाचला, खाली जाऊन बहिणीला सांगितले, आणि दोघेही वर आले. एकत्र. एका जिन्याने.

"आई, फोनवर खेळणारीच्या हातात दुकान?" मुलगा.

"दादा, तुझी बायको आहे ती."

"म्हणूनच सांगतोय! ती एका बोटाने खेळते, एका!"

"आई, ज्याला बटणं नाहीत त्याला खेळ म्हणत नाहीत," मुलगी म्हणाली.

"बरोबर बोलतेय ही."

मुलाच्या तोंडून हे तीन शब्द निघाले तेव्हा मी भात वाढत होते. वाढणे थांबवून मी खाली बसले.

"मला ऐकू येतंय सगळं," सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी म्हटले, "मग दोघं मिळून चालवा."

"एकाच काउंटरवर?"

"एकाच."

"आणि पाटी?"

"बाबांनी रंगवलेली आहे ती. तिच्यावर कंपनीचं नाव नाही. वितरकाला मी सांगते, सही होणार नाही. माल दुसरीकडून आणू, जरा उशिरा मिळेल. लोक थांबतील. भांडायला विषय असला की लोक थांबतात."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मुलगी म्हणाली, "पण दर्शनी काचेत पांढरं डावीकडे." मुलगा म्हणाला, "स्वप्नात." मी पुन्हा भात वाढायला घेतला.

म्हणून ते आधीचे मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते आणि असे ठरवते: दुकान मुलगा आणि मुलगी यांच्या समाईक मालकीचे राहील. त्याची वाटणी होणार नाही, मध्ये भिंत, पडदा अथवा फळी उभी राहणार नाही, आणि एकाच कंपनीशी बांधिलकीचा करार कोणीही करणार नाही. खोलीतला, मुलांच्या बाबांनी घातलेला नियम तसाच पाळावा: जो जिंकेल त्याने उठायचे. हरलेल्याला उठवले तर तो घरी जातो. जिंकलेला शेजारी उभा राहून शिकवतो. यातली एकही अट मोडली तर दुकान सूनबाईचे होईल. तिने मला शब्द दिला आहे, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने दिला आहे, की ती तिथे फोनची कव्हरे विकेल.

कलम चौथे: किरकोळ. स्टिअरिंगचे चाक निवृत्त बसचालकांना द्यावे. उभ्या आयुष्यात त्यांनी बसला ओरखडा येऊ दिला नाही आणि आमच्या पडद्यावर ते रोज खांबाला धडकतात. त्यांना त्यात जो आनंद होतो तो घरी होऊ द्यावा. खिडकीजवळची गादीची खुर्ची चष्मेवाल्यांना. "या खेळांनी मुलांचे डोळे जातात" म्हणून त्यांनी एकेकाळी आमच्याविरुद्ध गल्लीभर सह्या गोळा केल्या होत्या. तो राग मी मनापासून जपला. हल्ली ते "मुलांच्या डोळ्यांवर लक्ष ठेवायला" रोज येतात आणि हातातले कंट्रोलर सोडत नाहीत. खुर्ची देताना सह्यांची आठवण जरूर करून द्यावी.

दंतवैद्य आणि बेकरीवाला यांना मी काहीही ठेवलेले नाही, कारण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये असे वकीलबाई सांगते. दोघेही रुसले आहेत.

माझ्या पश्चात दुकान बंद ठेवू नये. फोटोला हार घालायचा तर काळा-पांढरा सोडून कोणत्याही रंगाच्या फुलांचा घालावा. मला तूर्त कुठे जायची घाई नाही. नमुन्याची यंत्रे वितरकाने खोक्यांसकट परत नेली; विक्रीची नवी यंत्रे पुढच्या महिन्यात येत आहेत आणि दोन्ही मला हाताळायची आहेत.

हे लिहून होत असताना खालून मुलांचे आवाज येत आहेत. दर्शनी काचेत डावी बाजू कोणाची यावर सकाळपासून चालू आहे. मुलगा म्हणतोय, "मोजपट्टी आण." मुलगी म्हणतेय, "मोजपट्टी तुझ्या बाजूची नको." वकीलबाई मिटवायला निघाली होती. मी तिचा हात धरून तिला बसवले. माझी शेवटची सूचना अशी, आणि ती बाकी सर्व कलमांइतकीच बंधनकारक समजावी: हे भांडण कोणीही, कधीही मिटवू नये.

वरील मजकूर मी वाचला, मला समजला, आणि तो माझाच आहे.

सही: दुकानाची मालकीण

तिने आमच्या दोघांच्या समोर सही केली, आणि आम्ही तिच्या व एकमेकांच्या समोर केली.

साक्षीदार पहिला: दंतवैद्य. (पहिला क्रमांक नाणेफेकीने मिळाला.)

साक्षीदार दुसरा: बेकरीवाला. (नाणे दंतवैद्यांचे होते, याची नोंद व्हावी.)

स्थळ: दुकानाच्या वरचे घर, जेवणाचे टेबल

दिनांक: नवी यंत्रे येण्याआधीच्या महिन्यातला दुसरा रविवार, दुपार